पाचच्या कॉलला लाल दिवा

१० नोव्हेंबर, सोमवार
परत तेच. पाचचा कॉल लागला, आई पडद्यावर आली, दोन मिनिटं नीट दिसली. मी वाटी पुढे धरली. "आई, हे काय?" तिने ओठ हलवले, "वा—" म्हणाली आणि चित्र गोठलं. राउटरवर लाल दिवा.
गॅलरीत जाऊन साधा फोन केला. हात ग्रिलबाहेर काढला तर रेंजची एक काडी येते, तेवढ्यावर. वहिनी म्हणाली, "वन्सं, आईंनी पदर तोंडावर घेतलाय. त्यांना वाटलं आपलंच चुकलं."
हेच होतं दर वेळी. अर्धांगाचा झटका आल्यापासून आईचे शब्द गेलेत. कळतं सगळं, बोलता येत नाही. साताऱ्याच्या थेरपिस्ट बाई सांगून बसल्यात: रोज बोलतं करा, समोरासमोर, सुरुवातीचे महिने वाया घालवू नका. आणि इथे हा लाल दिवा.
साडेसहा-सातला नेट आपोआप आलं. काही न करता.

११ नोव्हेंबर, मंगळवार
कस्टमर केअर. "मॅडम, राउटर बंद करून चालू केलात का?" केला. "वायर काढून परत लावलीत का?" लावली. "दुसऱ्या डिव्हाइसवर बघितलंत का?" बघितलं. "आमच्याकडून लाइन ओके दिसतेय." अहो, आत्ता सकाळचे अकरा वाजलेत, आत्ता माझ्याकडूनही ओकेच दिसतेय. संध्याकाळी बघा. "मॅडम, संध्याकाळी आमची शिफ्ट वेगळी असते."
तक्रार नोंदवली. दुपारी मेसेज: आपली तक्रार सोडवली आहे. कोणी सोडवली? कशी?
पाचला गेलं.
सावंत काका दारात. चौथ्या मजल्यावरचे. "आलं का वो ताई तुमचं नेट?" नाही म्हटलं. "काय ह्या कंपन्या. म्हातारं मानूस तिकडं वाट बघतंय." रोज न चुकता चौकशी करतात. बिल्डिंगमध्ये तेवढेच एक.

१२ नोव्हेंबर, बुधवार
कॉलची वेळ बदलता येईल का, वहिनीला विचारलं. नाही येत. व्हिडिओचा फोन एकच, दादाचा, तो दिवसभर त्याच्याबरोबर रानात. दादा पाचला चहाला घरी येतो, दिवेलागणीआधी परत मोटार चालू करायला जातो. मधला वेळ आपला.
"तूच का नाही बोलतं करत तिला?" असंही विचारलं. वहिनी हसली. "माझ्यापुढं कशाला बोलतील? त्यांनी नुसतं बघितलं की मी हातात देते." खरं आहे. वहिनीचा चांगुलपणाच आड येतो. माझ्यापुढे तिला बोलावं लागतं, कारण मला इथून काही देता येत नाही.
माझं नाव अजून घेतलेलं नाही तिने. "मंदे" म्हणून आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक होती तिची.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सु. द्रोणागिरीहून, गोदामाच्या ऑफिसातून, फोनवर इंजिनिअरिंग करतो. "राउटर फ्रिजजवळ आहे, तिथून हलव." हलवला. "उभा ठेव." ठेवला. "तापत असेल, पंख्याखाली ठेव." ठेवला. हॉलच्या मधोमध स्टुलावर राउटर, वर पंखा. पाहुणा आल्यासारखा.
पाचला गेलं.
सु. रात्री घरी आला तेव्हा अर्थात चालू. "चाललंय की व्यवस्थित!" नवऱ्याला काय बोलावं हे लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलेलं नाही, आज लिहूनही सुचत नाही.
पेपरच्या पुरवणीचा माझा मजकूर मात्र दुपारीच गेला, वेळेआधी. सु. म्हणतो, "म्हणजे तुझं काम तर अडत नाहीये." सध्या आईला बोलतं करणं हेच माझं काम आहे, म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
टेक्निशियन आला. प्रशांत, बोनकोड्याचा. सकाळी. संध्याकाळी ये म्हटलं होतं. "संध्याकालची ड्युटी तिकरं वाशी साइडला हाय मॅडम." राउटर तपासला. वर टेरेसच्या जिन्यात त्यांचा बॉक्स आहे, तो उघडून आला. "वर सगल्या लाइट हिरव्या हायेत. पावर बराबर हाय." माझ्या भिंतीतला जॅक जुना झालाय म्हणाला, नवा बसवला, वायरीचं टोक नव्याने आवळलं. "आता नाय जानार. गेला तर मला डायरेक फोन करा."
पाचला गेलं. डायरेक फोन केला. उचलला नाही.
तिसऱ्या मजल्यावर याच कंपनीचं एक कनेक्शन आहे. जिन्यात त्यांना विचारलं. "आमचं मस्त चालतं." घरी किती वाजता येता? "आठ वाजतात रोज." मग मस्तच चालणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार
गेलं नाही!
पूर्ण कॉल. वाटी म्हणाली. चमचा म्हणाली ("चंचा", पण म्हणाली). कंगव्याला नुसतं डोक्यावरून हात फिरवून दाखवलं आणि स्वतःच हसली. शेवटी मी विचारलं, मी कोण? बराच वेळ बघत राहिली. मग "हं" म्हणाली. हं तर हं.
प्रशांतच्या जॅकचा गुण, एक दिवस उशिरा का होईना. उगाच चिडले त्याच्यावर.
काकांना सांगायचं होतं, पण ते लेकीकडे गेलेत कोपरखैरण्याला, सोमवारी येणार. सारसोळ्याच्या मावशीकडून बोंबील घेतले, खुशीत जरा जास्तच.

१६ नोव्हेंबर, रविवार
आजही गेलं नाही. आई "चा" म्हणाली, आणि वहिनीने कप पुढे केल्यावर "गार". दोन शब्द, तेही तक्रारीचे. म्हणजे मूळची आई आत आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
गेलं. आई "कं—" पर्यंत आली होती.
काका परत आलेत. दारात उभे. "आलं का वो नेट?" दोन दिवस होतं काका, आज परत गेलं. "आसं कसं? मी न्हवतो तवा चालतंय आन मी आलो की बंद?" हसलो दोघं.
मग गॅलरीतून फोन. आई पदर घेऊन बसलीये. उद्या बोलणार नाही, अशी मान हलवली म्हणे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
खरंच बोलली नाही. पडद्यावर आली ती खाली बघत. मी एकटीच बडबडत होते. नेट गेलं तेव्हा, लाज वाटते लिहायला, सुटल्यासारखं झालं.
सु.ने नवा ॲडॉप्टर आणला. मग तो म्हणाला की कदाचित ॲडॉप्टर नाही, एक्स्टेन्शन बोर्ड असेल. मग बोर्ड बदलला. मग म्हणाला की कदाचित मोबाइलच. मी म्हटलं, कदाचित मीच असेन, मला बदल.

२० नोव्हेंबर, गुरुवार
कस्टमर केअरला आज मी आवाज चढवला. चढवत नाही सहसा. डेस्कवर पान सुटायच्या वेळीही चढवला नाही कधी. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, आपली तक्रार सोडवलेली दाखवतेय, नवीन करायची असेल तर आधी राउटर बंद करून चालू करा."
काका आज माझ्या बाजूने भांडायला तयार. "त्या पोराला पुन्ना बोलवा, मी बगतो. मार्केटात जन्म गेला माझा वज्जी उचलन्यात, लय बगितल्यात आसले." मग एकदम आवाज खाली आणून: "आमची ही शेवटाला बोलत न्हवती. वाचाच गेली. मी आपला रोज उशाला बसून बडबडायचो. ऐकू येत व्हतं तिला." जायला निघाले, वळले. "तुमी सोडू नका ताई."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
ठरवलं. नेट गेलं खड्ड्यात. मोबाइलला टेरेसवर फुल रेंज असते असं वॉचमन रामसेवक सांगतो. उद्या कॉल वरूनच. चार जिने, लिफ्ट नाही, माझे गुडघे. असो.

२२ नोव्हेंबर, शनिवार
आज पुष्कळ लिहायचंय. क्रमाने.
पाचला वर. काका पाण्याचा डबा घेऊन आधीच हजर. टेरेसच्या कोपऱ्यात त्यांचे निळे ड्रम: घेवडा, मिरच्या, शेवंती. रोज या वेळी पाणी घालतात, मला माहीत होतं, पण कधी वर येऊन बघितलं नव्हतं. मोबाइल ड्रमच्या कडेला टेकवला, कॉल लावला. रेंज खरंच फुल. आई आली, खाली मान घालून. मी पिशवीतून वाटी काढणार, तेवढ्यात काका वाकून मोबाइलमध्ये बघतात.
"राम राम आईसाब! मी सावंत, पाटनकडचा. ह्यो बगा आमचा घेवडा."
आईने मान वर केली. वेलाकडे बघत राहिली, कपाळाला आठी. आणि स्पष्ट, अगदी स्पष्ट:
"कीड."
"आँ? कीड? कुटं?" काकांनी पान उलटलं. पानामागे मावा, काळा, खच्चून. "आरं तिच्या! व्हय की वो! रोज पानी घालतो, मला दिसंना, त्यास्नी साताऱ्यावरनं दिसली!"
आई हसली. तोंड वाकडं होतं अजून, पण हसली. मग "राख."
"राख टाकू म्हनता? आता फ्ल्याटात चूल कुटली आईसाब?"
यावर आईने त्यांच्याकडे जे बघितलं ते मी लहानपणापासून ओळखते. एवढंही जमत नाही तुम्हाला, असं.
महिनाभर मी तिला वाट्या आणि चमचे दाखवतेय. वाटीला वाटी म्हणून दाखवायची तिला हौस का असावी? चुकतंय ते दिसलं की तिच्याच्याने गप्प बसवत नाही. कधीच बसवलं नाही.
कॉल संपला. काका खूश, डबा हलवत पुढे. टेरेसच्या दाराशी, जिन्यात, स्विचबोर्ड आहे. काकांनी हात वर केला आणि सगळी बटणं बंद. खट खट खट खट. "दिवसाढवळ्या चालू ठेवत्यात. कुनाला हाय फिकीर? मी रोज जाताना बंद करतो."
बोर्डाशेजारी कंपनीचा बॉक्स. त्याची वायर त्याच बोर्डाच्या प्लगात. बॉक्समधले हिरवे दिवे विझले.
काका पुढे उतरत होते, वळून म्हणाले, "आज नेटचं कायबी इचारत न्हाई. आज आईसाब बोलल्या, झालं."
सांगणार होते. पिशवी उचलून मागोमाग उतरले.
दिवेलागणीला रामसेवक वर जातो आणि दिव्यांसाठी सगळी बटणं चालू करतो. साडेसात नाही, सहा नाही, साडेसहा-सातलाच नेट का येतं, ते कळलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
सु. पोट धरून हसला. "ॲडॉप्टर, बोर्ड, जॅक! आणि तो माणूस रोज बटण बंद करून तुझ्याच दारात विचारायला येत होता?" मग म्हणाला, "सरळ सांग त्यांना. काका, ते बटण तेवढं सोडा. संपलं."
सांगते म्हटलं.
वर गेले. काकांनी साबणाचं पाणी फवारलं होतं घेवड्यावर, आईला दाखवायला म्हणून पानं उलटी करून उभे. आई: "जास्त." फेस जास्त झाला होता. मग दोघं मिरच्यांवर गेले. मी नुसता मोबाइल धरून. कसं सांगायचं या माणसाला? म्हातारं माणूस वाट बघतंय असं हळहळत रोज तिचा शब्द अर्ध्यावर तोडणारे तुम्हीच होतात, असं? त्यांची बायको तशी गेली. ऐकून ते परत वर येणार नाहीत, आणि मिरच्यांना पाणीही घालणार नाहीत.
नाही सांगितलं. बटणं बंद करून गेले.

२४ नोव्हेंबर, सोमवार
चिकटपट्टी आणली, पांढरी, रुंद. त्या एका बटणावर आडवी मारली आणि वर मार्करने: बंद करू नये. खाली कोणाचं नाव नाही. सोसायटीत निम्म्या गोष्टी अशाच सांगितल्या जातात, कोणी कोणाला तोंडावर सांगत नाही. जिन्यात चपला ठेवू नयेत. कबुतरांना दाणे टाकू नयेत. मी इतकी वर्षं त्या पाट्यांना नावं ठेवत आले.
सु.: "सांगितलंस?" व्यवस्था केली, म्हटलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
पट्टी चालतेय. दोन दिवस संध्याकाळी घरात हिरवा दिवा. काकांनी वाचून सोडलं असणार, नियम पाळणारा माणूस.
मी तरी वरच जाते. आईला आता वरचंच लागतं. आज शेवंतीला "खुडा" म्हणाली, काकांनी सुकलेली फुलं खुडली, तिने शेवटपर्यंत लक्ष ठेवलं. काका तिला आईसाब, ती त्यांना अजून काही नाही, नुसतं बोट. माझ्याकडेही बोटच.
प्रशांतचा फोन, चक्क स्वतःहून. "मॅडम, नेट कसा हाय?" चांगलं आहे म्हटलं. "बोल्लो व्हतो ना, जॅकच व्हता." असू दे. एकाला तरी समाधान.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
उजवा गुडघा सुजला. रोज चार जिने. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. आठवडाभर.
काका: "तुमी बसा घरात, मी मोबाइल न्हेतो वर." नको म्हटलं, त्यांना कॉल लावता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला एकदा तिला एकटीनेच भेटायचं होतं. घेवडा नाही, मिरच्या नाहीत. नेट आहे आता. उद्या घरातून.

२९ नोव्हेंबर, शनिवार
घरातून कॉल. राउटर फ्रिजजवळच्या मूळ जागी, हिरवा. चित्र स्वच्छ. वाटी-चमचा काही काढलं नाही. नुसतीच बसले समोर.
आईने आधी माझ्या मागे बघितलं, डावीकडे, उजवीकडे. झाडं शोधत असावी. मग माझ्याकडे. खूप वेळ. मी काही विचारलं नाही. तिचे डोळे हळूहळू आत गेल्यासारखे झाले, काहीतरी उचलायला जातात तसे. ओठ मिटले. घट्ट, जोर लावून, 'म'ला मिटतात तसे.
आणि चित्र तसंच राहिलं.
मला वाटलं ती थांबलीये. मी पण थांबले. मग राउटरकडे बघितलं.
लाल.
दारावर थाप. "काय ताई, झालं का बोलनं? आन त्ये वर बटनावर कुनीतरी चिकटपट्टी मारून ठिवली व्हती. चार-पाच दिस बगितलं, म्हटलं आसंल सोसायटीचं काम. आज सेक्रेटरीला इचारलं, त्यो म्हनला आमी न्हाई लावली. मग काडून टाकली. पोरांचे धंदे."
मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यावर आई, ओठ मिटलेली.
"काय झालं? पुन्ना गेलं?"
गॅलरीत जाऊन वहिनीला फोन लावला. पदर घेतला का तोंडावर?
"न्हाई वन्सं. फोन घट्ट धरून बसल्यात. यांना रानात जायचंय, पर सोडत न्हाईत. काय म्हनत व्हत्या?"
माहीत नाही, म्हटलं.
काकांनी ऐकलं. "मग हितं काय करताय? वर चला, रेंज हाय." गुडघा म्हटलं. "धरा माझा हात. वज्जी उचलल्यात मी." त्यांच्या हाताला धरून, एकेक पायरी, दोघंही धापा टाकत. टेरेसच्या दाराशी पोचलो आणि मला पुढे जाववेना. बोर्डासमोर थांबले. हात वर केला, ते एक बटण दाबलं.
बॉक्समध्ये हिरवे दिवे लागले, एकामागे एक.
काकांनी बॉक्सकडे बघितलं. वायरीकडे. माझ्याकडे.
"ह्ये... नेट हाय?"
हो.
"रोज?"
हो, काका.
मी कॉल लावत होते. लागेना. दादाचा फोन बंद. त्याची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हे रोजचंच. परत लावला. बंद. वहिनीच्या साध्या फोनवर लावला तर ती म्हणाली, "चार्जिंगला लावायला काढून घेतला त्यांच्या हातातनं. रडल्या जरा. आता पडल्यात."
काका घेवड्यापाशी, माझ्याकडे पाठ करून उभे होते. मग परत आले. खिशात हात घालून चिकटपट्टीचा चोळामोळा काढला. बोटांनी उलगडत बसले, कडा सरळ करत, "बंद करू नये" वाचता येईल असं. बटणावर दाबून धरली. हात काढला की पट्टी सुटून खाली. परत दाबली. परत सुटली.
"नवी आणते मी काका, घरात आहे."
"ऱ्हाऊ द्या," म्हणाले. बटणावरून अंगठा काढला नव्हता अजून. "उद्या पाचाला मी हितंच बसतो. तुमी खाली बोला."